पद्मिनीचं बॉनेट उघडण्याआधी वही उघडा

नवा पॉइंट, नवा कंडेन्सर (दोन्ही ठिणगी पाडणारे पार्ट), चार नवे प्लग, नव्या प्लग वायरी आणि वर धुऊन-पुसून बसवलेला कार्ब्युरेटर. एवढं सगळं मी एका रविवारात उरकलं. सकाळी निमूट चालणारी गाडी संध्याकाळी सुरूच होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. सोसायटीतल्या चौघांनी गेटपर्यंत ढकलून पाहिलं, तेही फुकट गेलं. बुधवारी नाशिकच्या भद्रकालीतले मिस्त्री चाचा आले. त्यांचं आयुष्य फियाटच्या बॉनेटखाली गेलंय. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, काय काय हलवलं?" मी मोठ्या अभिमानाने यादी वाचली. "मग आता मी संशय कोणावर घेऊ?"

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, गाडी चालवून बघायची, वहीत लिहायचं, मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा. दोनशे पानी साधी वही पुरते. तारीख, किलोमीटर, काय केलं, आधी कसं होतं, नंतर कसं झालं. नव्याने जुनी गाडी घेतलेल्यांनी पाने-पकडी विकत घेण्याआधी ही वही घ्यावी.

उदाहरणं प्रीमियर पद्मिनीची देतोय, कारण माझ्याकडे तीच आहे, आणि शिकायला तिच्यासारखी गाडी नाही. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून ती कुर्ल्याच्या कारखान्यातून निघू लागली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक डेल्को (प्लगांना करंट वाटणारा). सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बॉनेट उघडलं की जे दिसतं तेच आहे. ॲम्बॅसिडर किंवा हेराल्ड असेल तर तत्त्व तेच, आकडे मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तकातले घ्या. पुस्तक नसेल तर जुन्या मालकांकडून झेरॉक्स मिळवा.

हत्यारं आणि पार्ट

फियाट इटालियन, म्हणून तिचे नट-बोल्ट मिलिमीटरचे. ८ ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, गोटी पान्याचा एक छोटा सेट, प्लग पाना, दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, पकड आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. (ॲम्बॅसिडरवाल्यांना इंची पाने लागतात. मिलिमीटरचा पाना तिथे 'बसतो' असं वाटतं आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो.) सोबत बारा व्होल्टचा पाच वॉटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि दोन क्लिपा. याचा उपयोग पुढे येईल.

पार्टसाठी आधी नाशिकमध्येच सारडा सर्कल आणि द्वारका चौकाच्या बाजूची दुकानं फिरा. जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगून काही होत नाही. तिथे नाही मिळालं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरून लोकलने चर्नी रोड आणि ऑपेरा हाउसच्या गल्ल्या. संध्याकाळच्या पंचवटीने परत. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्यामुळे जे पार्ट सतत लागतात ते दिसले की दोन जोड घेऊन ठेवतो. जे कुठेच मिळत नाही, एखादं बुश किंवा पिन, ते अंबडला किंवा सातपूरला एखाद्या लेथवाल्याला नमुना देऊन वळवून घेता येतं. नाशिककरांची ही चैन आहे.

कामाला बसण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. अंगठीने बॅटरीचे दोन टोक जोडले गेले तर अंगठी तापून बोटात रुतते. इंजिन चालू असताना पंख्याजवळ ओढणी, मफलर, लांब बाही नको. या गाडीचा पंखा पट्ट्यावर चालतो, इंजिन फिरतंय तोवर तोही फिरणारच. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका. गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर भरवसा नको. विटांवर तर मुळीच नको, वीट न सांगता फुटते. लोखंडी स्टँड घ्या.

आणि खाली जाड पुठ्ठा अंथरा. फरशीवरचा ऑइलचा डाग सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षभर चघळला जातो.

पहिला रविवार: काहीही खोलू नका

थंड गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं असेल तर घाबरू नका. दुधी, चहासारखं दिसलं तर मात्र पाणी मिसळतंय. थंडीत रोज दोन-दोन किलोमीटर चालवणाऱ्यांच्या झाकणाला आतून जरासा पिवळट साका येतो, तो वाफेचा असतो आणि एक लांब चक्कर मारली की जातो. डिपस्टिकवरच दुधी ऑइल असेल तर हेड गास्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. पाईप दाबून बघा. रबर चामड्यासारखं कडक झालं असेल किंवा बोट आत रुतत असेल, तर वहीत लिहा. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. मग गाडी सुरू करा आणि दहा मिनिटं नुसतं ऐका. टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टिकटिक, पट्ट्याची किंचाळी, सायलेन्सरची फुसफुस, सगळे आवाज लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नवा आवाज आला, तर तो नवाच आहे हे तुम्हाला वहीवरून कळेल.

ऑइल

हे काम सर्वांत सोपं, म्हणून सुरुवात याच्यापासून. गाडी दहा मिनिटं चालवून आणा, गरम ऑइल पातळ होतं आणि गाळ घेऊन बाहेर पडतं. खाली पसरट घमेलं ठेवून चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट सोडा. शेवटचे दोन आटे हाताने सोडताना बोल्ट आत दाबून धरा, नाहीतर तो घमेल्यात जातो आणि गरम ऑइल मनगटावर येतं. थेंब थांबेपर्यंत थांबा. वायसर नवा टाका. बोल्ट घट्ट करा, पण अंगातला जोर दाखवू नका, तिथले आटे गेले की मोठं काम निघतं.

भरायला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ग्रेडचं साधं मिनरल ऑइल. नव्या गाड्यांचं पाण्यासारखं पातळ सिंथेटिक या इंजिनाला देऊ नका, जुन्या सीलमधून ते वाट काढतं. थोडं थोडं भरा आणि डिपस्टिक बघत जा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते घेऊन जाणारे असतात.

करंटचं काम: पॉइंट, प्लग, टायमिंग

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या वहीत रस्त्यात बंद पडल्याच्या जेवढ्या नोंदी आहेत त्यातल्या बहुतेक इथल्याच आहेत. चाचांचं एक वाक्य पाठ करा: झटकन बंद पडली तर करंट बघा, आचके देत बंद पडली तर पेट्रोल बघा.

आधी प्लग. वायरींवर १ ते ४ नंबरच्या चिकटपट्ट्या लावा, एक नंबर रेडिएटरच्या बाजूचा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके फोडतं. एकेक प्लग काढा आणि काढलेल्या क्रमाने कागदावर मांडा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर छान. काजळीसारखं कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलं, तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय. पांढरं फटक असेल तर हवा जास्त आहे किंवा इंजिन तापतंय. गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. (आपल्याकडे मायको म्हटलं की मायको सर्कल आठवतं. सातपूरचा कारखाना डिझेलच्या नोझलचा, पण जुन्या डब्यांत मायको नावाचे प्लगही सापडतात. गंजलेले नसतील तर खुशाल वापरा.)

आता डेल्को. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, गॅरेजमध्ये असं कोणी म्हणत नाही. दोन क्लिपा काढून टोपी बाजूला करा, रोटर वर ओढून काढा. मध्ये चार कोपऱ्यांचा दांडा दिसेल आणि त्याला टेकलेली पॉइंटची फायबरची टाच. दांड्याचा कोपरा टाचेला रेटतो, पॉइंट उघडतो आणि त्या क्षणी ठिणगी पडते. टाच झिजली की पॉइंट कमी उघडतो, म्हणून गॅप अधूनमधून तपासावी लागते.

इंजिन फिरवायला चारही प्लग काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि कोणाला तरी हळूहळू पुढे ढकलायला सांगा. माझ्याकडे हे काम चिरंजीवांचं. ते मोबाईलमध्ये बघत ढकलतात, म्हणून मी मोठ्याने ओरडतो. टाच बरोबर कोपऱ्याच्या टोकावर आली की "थांब". आता दोन टिकल्यांमध्ये फिलर गेजची पट्टी सरकवा. पद्मिनीला ०.४५ मिलिमीटर धरा. पट्टी किंचित ओढ घेत सरकली पाहिजे, नव्या वहीच्या पानांत पट्टी सरकवल्यासारखी. सैल पडली किंवा पॉइंट हलला तर पॉइंटचा स्क्रू अर्धा सोडा, पाटी जराशी सरकवा, स्क्रू आवळा आणि परत मोजा. स्क्रू आवळताना गॅप हमखास हलते, म्हणून दोनदा मोजायचं. टिकल्यांवर खड्डा-उंचवटा झाला असेल तर बारीक कानसीने साफ करा. पॉलिश पेपरची कणी टिकलीत रुतून बसते, तो वापरू नका. शेवटी पेट्रोलमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी टिकल्यांमधून ओढा. दांड्याला ग्रीसचं अगदी बोट लावा, जास्त लावलं तर ते उडून टिकल्यांवर जातं.

नवा पॉइंट बसवताना त्याच्या स्प्रिंगच्या टोकाखाली एक फायबरचा वायसर असतो, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. त्या रविवारी माझा तोच राहिला होता. पॉइंट बॉडीला चिकटून करंट कायमचा बॉडीत (अर्थिंगला) जात होता, ठिणगी पडणार कुठून? चाचांनी तो पुठ्ठ्यावरच्या जुन्या पॉइंटमधून काढून बसवला. गाडी सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला परत बंद पडली. माझा नवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देत होता. जुना परत लावला, संपलं. दोन बिघाड एकावर एक बसले होते. एकेक काम केलं असतं तर दोन्ही जागच्या जागी सापडले असते. तेव्हापासून चालता कंडेन्सर मी काढत नाही, नवा घेतला तर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो.

गॅप बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट करू नका. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून गाडी ढकला. आतली हवा अंगठा बाहेर रेटू लागली की पुढे पुलीवरची खूण पुस्तकातल्या अंशावर आणा. आता तो बल्ब काढा. एक क्लिप कॉइलवरून डेल्कोकडे जाणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला, दुसरी बॉडीच्या कोऱ्या पत्र्याला. बॅटरी जोडा आणि चावी ऑन करा. डेल्कोच्या मानेचा बोल्ट सैल करून तो रोटर फिरतो त्या दिशेने थोडा फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने केसाकेसाने फिरवा. बल्ब लागला की थांबा आणि बोल्ट आवळा. चावी ऑन ठेवून चहा प्यायला जाऊ नका, पॉइंट मिटलेला असेल तर कॉइल तापून जाते.

मग चालवून बघा. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जायचं आणि यायचं. वरच्या गिअरमध्ये हळू वेगात ॲक्सिलरेटर दाबल्यावर खणखण ठोका आला तर टायमिंग पुढे गेलंय. पिकअप मेलं आणि इंजिन तापायला लागलं तर मागे. वहीत लिहा.

टॅपेट

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं. वरचं झाकण काढा, कॉर्कचं पॅकिंग नवं आणलेलं असू द्या. चार नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की एक नंबरचे टॅपेट मोकळे असतात, ते लावा. तसंच दोन नंबर हलताना तीन, एक हलताना चार, तीन हलताना दोन. मधला नट सोडून स्क्रूने गॅप लावायची आणि स्क्रू धरून ठेवत नट आवळायचा. गॅप पुस्तकातली घ्या, इनलेटची आणि एक्झॉस्टची नीट वेगळी वाचा. टिकटिक बंद व्हावी म्हणून टॅपेट आवळून ठेवणारे मिस्त्री भेटतील. गॅप नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक चालेल.

पेट्रोल आणि कार्ब्युरेटर

सोलेक्स कार्ब्युरेटरला उगाच बदनाम करतात. वरचं झाकण काढून वाटीतला गाळ पुसा, जेट काढून तोंडाने नव्हे तर पंपाने हवा मारा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल पिते. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, किती फेरे गेले ते वहीत लिहा, मग दीड फेरा बाहेर काढा. इंजिन गरम करून तो पाव-पाव फेरा फिरवत जा. जिथे इंजिन सगळ्यांत जास्त फिरतं तिथे ठेवा आणि दुसऱ्या स्क्रूने आयडलिंग खाली आणा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातला ऊस टाकीत येतोय म्हणून कौतुक करायला हरकत नाही, पण पद्मिनीच्या काळातल्या रबराला इथेनॉल मानवत नाही आणि ते ओल धरून ठेवतं. पेट्रोलचे रबरी पाईप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका. वाटीत पांढरी पावडर दिसली तर हेच कारण.

शिसंवालं पेट्रोल देशभरात २००० साली बंद झालं. त्या शिशाने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचं रक्षण व्हायचं. कधी हेड उतरलंच तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या, मुद्दाम तेवढ्यासाठी मात्र हेड उतरवू नका.

पाणी

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. चहाच्या किटलीत जो पांढरा थर बसतो तोच इंजिनात बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घाला. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) आहे का ते विचारा, कुणीतरी काढून फेकलेला असतो. निफाडकडच्या थंडीत बिनथर्मोस्टॅटची गाडी गरमच होत नाही आणि दिवसभर चोक ओढून चालवावी लागते.

हेड गास्केट, बेअरिंग, ऑइल पंप, डायनॅमोची वाइंडिंग ही कामं घरी करू नका. हेडचे नट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळावे लागतात. मिस्त्रीकडे जा, पण बाजूला उभं राहून बघा आणि वहीत लिहा.

सगळं झालं की घाट. उन्हाळ्यात मुंबईहून येताना कसारा चढला की इगतपुरीच्या अलीकडे पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आचके देते. पंप इंजिनालाच चिकटलेला असल्यामुळे तापतो. कडेला घ्या, बॉनेट उघडा आणि पंपावर ओला पंचा टाकून पंधरा मिनिटं बसा. गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. माझ्या वहीतली गेल्या मे महिन्यातली नोंद अशी आहे: "कसारा, दुपारी दोन. वाफ. पंचा एकदाच भिजवला. वीस मिनिटं. दुसरं काही हलवलं नाही."